उबेला आलेली झुरळं

मित्रांनो, काळं चौकोनी अंग आणि तीन पाय असलेला मी एक जुना लिनिअर रेग्युलेटर आहे. जास्तीचा वीजदाब उतरवून तो पुढे एकसारखा द्यायचा, हे माझं काम. उतरवलेलं सगळं मात्र माझ्याच अंगात उष्णता होऊन साचतं.

दोघी बहिणी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारी यंत्रं बनवत. धाकटीने मला निवडलं, तेव्हाच ताई म्हणाली होती, "चोवीस व्होल्टचे पाच करायचेत. हा फार तापेल गं."

"तापू दे. सुटसुटीत आहे आणि आवाज स्वच्छ देतो."

पडदा, दिवे, आवाज, सगळा भार माझ्यावर. मी भाजून निघालो. त्या उबेला झुरळं आली. माझ्या पाठीच्या पत्र्याआड त्यांनी अंडी घातली, मेलेली तिथेच करपली. त्या कुबट, तेलकट वासाची मला शिसारी येई. पण पळणार कुठे? तिन्ही पाय सोल्डरने जखडलेले!

एक दिवस दवाखान्यातल्या नर्सबाईंनी यंत्र आणून टेबलावर आदळलं. "उघडा हे! गरोदर बाई नाक दाबून उठते. किळस येते मला."

झाकण काढताच धाकटी मागे सरकली. "शी! या चुलीमुळे झालं सगळं," म्हणत तिने मला उपटून डबीत फेकलं. निवड तिची आणि शी मला! त्या दिवशी मला माणसांचाही वीट आला.

माझ्या जागी स्विचिंग रेग्युलेटर बसला. तो सेकंदात हजारो वेळा चालू-बंद होत हवी तेवढीच वीज घेतो, म्हणून थंड राहतो. पण काही दिवसांनी नर्सबाई परत आल्या, त्या रडवेल्या होऊन.

"वास गेला, पण आता कानात नुसती किणकिण. काल ठोकेच सापडेनात. गरोदर पोरगी ढसाढसा रडली हो! पोटाला लावायच्या साध्या नळीने ऐकले, तेव्हा कुठे मिळाले."

धाकटीचा चेहरा पडला. ताई म्हणाली, "दोघांनाही ठेव. जड काम नव्याला, कानाचं जुन्याला."

आता दिवे आणि पडदा नवाच सांभाळतो. आवाजासाठी तो चोवीसचे सात करतो आणि मी त्या सातांचे पाच, म्हणून फारसा तापत नाही. त्याच्या चालू-बंद होण्याची उरलीसुरली किणकिण माझ्यापाशी अडते. धाकटीने नाक मुरडत का होईना, माझी पाठ ब्रशने घासली.

चाचणीला ती पोरगी स्वतः आली. ठोके सुरू झाले तशी तिने नर्सबाईंचा हात घट्ट धरला. "हाच का माझ्या बाळाचा आवाज?"

"हाच गं, हाच."

धाकटीने आवाज आणखी मोठा केला.

मित्रांनो, कुणाला कामाला लावाल तर त्याला ते झेपतंय का, हे आधी बघा. अधूनमधून झाकण उघडून त्याच्यावर फुंकर घाला. सगळी घाण त्याच्या अंगावर साचू दिलीत, तर निदान त्याच्याकडे बघून शी तरी म्हणू नका.