शहाऐंशीचा आकडा

रुपराव कोष्टी माणूस; गोळीबार चौकात हातमागावर उभी हयात गेलेली. छातीत पाणी झालं म्हणून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती झाले. दोनदा सुईनं पाणी काढलं, तरी ते कशानं झालं याचा पत्ता लागेना. टीबीचे जंतू काही सापडत नव्हते. मोठे डॉक्टर आपसांत हलक्या आवाजात ‘कॅन्सर’ म्हणत. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला नुसत्या ओठांवरून बोलणं कळतं, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

डॉक्टर पुष्पलता मेश्राम मात्र वेगळ्याच नादात होत्या. अशा पाण्यातलं एक एन्झाइम मोजून टीबी ओळखता येतो का, हे त्या दीड वर्षापासून पडताळत होत्या. शंभरावर रोग्यांचं पाणी तपासून झालं होतं.

“काका, तुमचंही थोडं देता?”

“घ्या ना बाई. मले काय कामाचं ते?”

चौथ्या दिवशी बाई लगबगीनं खाटेपाशी आल्या. “काका, आकडा चांगला मोठा आला. शहाऐंशी.”

रुपरावांचा चेहरा उतरला. सुताचा नंबर जितका मोठा, तितका धागा बारीक, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. विसाचं सूत दणकट. ऐंशीचं जरा ओढलं की तुटलंच. आणि हे तर त्याच्याही वर! त्यांनी बायकोला जवळ बोलावलं.

“इंदू, रडू नको वं. माग गल्लीतल्या बाबनरावले देऊन टाकजो. माहा धागा लय बारीक झाला.”

इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या. मग सुताचं प्रकरण कळलं, तशा त्या खाटेवरच बसल्या.

“अहो काका, इथं उलटं आहे. आकडा एवढा चढला की टीबीच असण्याचा संभव जास्त. कॅन्सरमध्ये सहसा इतका चढत नाही. नऊ महिने औषध घ्या, एक दिवस चुकवू नका. बरे व्हाल.”

रुपरावांनी हात जोडले.

“बाई, तुमचे उपकार तर हायेतच. पण माह्या आंधी ज्याइनं पानी देल्लं, ते कोन होते?”

“नावं सांगता येत नाहीत, काका.”

“मंग त्याइले माहा नमस्कार.”

संध्याकाळी इंदूबाई वॉर्डभर संत्रा बर्फी वाटत हिंडल्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “काय वं, नातू झाला का?”

“नाही जी,” इंदूबाई म्हणाल्या, “आमच्या ह्यायले टीबी निंगाला.”