गावकीत न झालेला ठराव

आमच्या गावात गावकीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. सगळं देवळात हात वर करून ठरतं. आमचे हे, कोंडाजी, तर गावकीचे अगदी एकनिष्ठ. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण घराला रंग कुठला द्यायचा हेही ते गावकीतूनच ठरवून आले. मी किती चिडले होते!

त्या रविवारी श्रीवर्धनहून सुचिताताई नावाच्या नर्सबाई पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दल सांगायला आल्या. आम्ही बायका देवळाच्या पायऱ्यांवर सुपाऱ्या सोलत कान देऊन बसलो. थोरले दीर धर्माजी ह्याच आजाराने गेले. लाजेपोटी त्यांनी दुखणं लपवलं. शेवटचे तीन महिने मीच उशाशी होते. हे आता अठ्ठावन्नचे. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

ताईंनी दोन्ही बाजू सांगितल्या. रक्ताच्या तपासणीने आजार लवकर सापडू शकतो. पण त्यातला आकडा वाढला म्हणजे कर्करोगच असं नाही, मग पुढच्या तपासण्या आणि जिवाला घोर. काही गाठी इतक्या हळू वाढतात की जन्मभर त्रास देत नाहीत, उपचारांनी मात्र लघवीचे हाल होऊ शकतात. भावाला झाला असेल तर धोका जास्त.

त्यांचं संपतं न संपतं तोच सत्त्याहत्तर वर्षांचे अध्यक्ष बाळाजी उठले. "ठराव! पन्नाशीवरच्या समद्यांनी तपासणी करायची. न करील त्याला दंड!"

झाडून सगळे हात वर. ह्यांचा सगळ्यात आधी.

"हात खाली घ्या," ताई हसून म्हणाल्या. "ही काय गावच्या वाटेची दगडी पाखाडी बांधायची आहे? ज्याचं शरीर, त्याचा निर्णय. अध्यक्ष, तुमच्या वयात तर ह्या तपासणीचा सहसा फायदा नसतो. घरी बोला, डॉक्टरांशी बोला, मग ठरवा."

"मंग मी न्हाय करत," बाळाजी खाली बसत म्हणाले. हशा पिकला, आणि मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. एकट्याने ठरवायची सवय होती कुणाला?

हे बाहेर आले आणि माझ्याजवळ उकिडवे बसले.

"बायजा, तुला काय वाटतं?"

माझ्या हातातली सुपारी तशीच राहिली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं.

"करावी, असं वाटतं. आकडा वाढला तर तुम्ही घाबराल, मीबी घाबरेन. पन भावजींसारखं लपवू नका."

"न्हाय लपवणार." त्यांनी माझ्या पुढ्यातली एक सुपारी सोलायला घेतली. "करतो मंग. तू येशील?"

"येईन की." मला इतकं बरं वाटलं की डोळेच भरले.

आतून बाळाजी ओरडले, "कोंडाजी, काय ठरलं रं?"

"आमच्या घरचं हाय, काका," हे म्हणाले. "गावकीला मागनं सांगतो."