पामाच्या सावलीतली येळवस

येळवसेच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दिवशी वाटेवरच्या अनोळखी माणसालासुद्धा हाताला धरून शेतात जेवायला बसवतात. हणमंतरावाच्या रानात मात्र दुपार कलली तरी कुणी फिरकलं नव्हतं. एरवी इथं पंगतीवर पंगती उठायच्या आणि हा गडी मिशीला पीळ देत वाढत फिरायचा. आज शेंगाभाज्यांच्या भज्जीचं पातेलं भरलेलं तसंच होतं.

कोपीचंच बघा. ज्वारीच्या कडब्याची कोपी उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करायची. पण रानात ज्वारी असेल तर कडबा! चार वर्षांपूर्वी साहेबलोक आले, रोपं देऊन गेले, तेलाची झाडं आहेत, बसून खा म्हणाले. यानं अख्ख्या रानात पाम लावला. सावली पडते म्हणून बांधावरचा आंबासुद्धा तोडला. आता घड लागलेत, पण ते न्यायला गाडी यायची तेलंगणातून, ती आली तर आली. कोपीही यंदा पामाच्या झावळ्यांची. त्यांच्या देठांना काटे. बांधताना त्याच्या बायकोची, सिंधुबाईंची, बोटं रक्ताळली. भाकरीची ज्वारी चाकूरच्या बाजारातून विकत आणलेली. येळवसेला, शेतकऱ्याच्या घरी! बाई सकाळपासून नवऱ्यावर धुमसत होत्या.

पामाला पाणी लागतं बेसुमार. त्यासाठी हणमंतरावानं बांधाला चिकटून खोल बोअर मारलं. बांधापलीकडं गुरुपादप्पाची जुनी विहीर. दोन्ही घरची आंबील पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच पाण्यात कालवलेली. बोअर सुरू झालं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली, पाठोपाठ खालच्या वस्तीचे आड. लोक विनवायला आले, तर हा म्हणाला, "माझं रान, माझं बोअर. तुमच्या पोटात कामून दुखायलंय?" काय बोलावं अशा माणसाला!

तरी गुरुपादप्पा येईल, ही त्याची आशा सुटत नव्हती. लहानपणापासून दोघं येळवसेला एका ताटात जेवलेले. अप्पा जेवला की गाव आपोआप येईल, असा त्याचा हिशेब.

आणि अप्पा खरंच आला. हणमंतरावाला भरून आलं.

"ये अप्पा, बस. लई वाट पाहिली तुझी."

"आंबील दे," गुरुपादप्पा उभ्यानंच म्हणाला.

हणमंतरावानं घाईघाईनं तांब्या भरून दिला. अप्पानं तो कपाळाला लावला, जवळच्या पामापाशी गेला आणि सगळी आंबील त्याच्या बुडाशी ओतली.

"आरं अप्पा, अन्न हाय ते!"

"हाव, अन्नच हाय. आमची हीर पिऊन ह्याचं भागलं न्हाई, म्हणून पाजली. ह्याची तहान भागली की सांगावा धाड. मंग येतो मी जेवाया."

रिकामा तांब्या कोपीपाशी ठेवून तो आला तसा निघून गेला. ओतलेली आंबील मातीत कधीच मुरली होती.

हणमंतराव रिकामा तांब्या उचलून कोपीपुढं बसला. सिंधुबाईंनी त्याच्यापुढं ताट वाढून ठेवलं आणि भाकरीची दुरडी डोक्यावर घेतली.

"तू कुठं निघालीस?"

"अप्पाच्या रानात. तुमचं रान, तुमचं बोअर. जेवा आता एकटेच."

आणि त्या बांध ओलांडून चालू लागल्या.