दुखवट्यातला नवस

राजा गेल्याची बातमी टीव्हीवर आली तेव्हा प्रयोंग भाड्याने आणलेल्या जरीच्या चोळीची शिवण उसवत बसली होती. चोळी दंडात घट्ट होत होती. निवेदकाचा आवाज फुटला, गल्ली एकदम गप्प झाली आणि मग कुठल्याशा घरातून कुणीतरी हंबरडा फोडला. प्रयोंगही रडली. मांडीवरची चोळी भिजू नये म्हणून तिने ती बाजूला ठेवली आणि पोटभर रडली. जन्मापासून एकच राजा पाहिलेली बाई ती. घरातलं थोरलं माणूस जावं तसंच ते होतं. पण डोळे पुसता पुसता तिच्या मनात जे आलं त्याची तिची तिलाच लाज वाटली. तिच्या मनात आलं, आता माझ्या नवसाचं काय?

नवस थावोनसाठी होता. थावोन तिचा एकुलता एक मुलगा. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घालून उभा राहायचा आणि मोटरसायकलवरून लोकांची ने-आण करायचा. काही महिन्यांपूर्वी एका मालट्रकने त्याला उडवलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. प्रयोंग इस्पितळातून निघाली ती थेट कालव्याकाठच्या ताखियनच्या झाडाकडे आली. त्या झाडात देवी राहते, हे राजधानीतल्या थोनबुरीच्या त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. प्रयोंगने तिच्यापुढे कपाळ टेकलं आणि म्हणाली, "माझ्या पोराला डोळे उघडू देत. भिक्खूंचा वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला मी तुझ्यापुढे तीन नाच नाचेन. भाड्याच्या नाचणाऱ्या आणणार नाही. मी स्वतः नाचेन." पोराने त्याच आठवड्यात डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय मागितलं तर सिगारेट.

नवस बोलताना माणसाची जीभ सैल असते आणि फेडताना हात आखडतो. गरज सरो, वैद्य मरो. पण प्रयोंगला तसं करून चालणार नव्हतं, कारण तिचं सगळं तरुणपण लोकांचे नवस फेडण्यात गेलं होतं. लग्नाआधी ती देवळादेवळांतून नाचणाऱ्या एका मंडळीत होती. नवस दुसऱ्याचा, पाय हिचे. कुणाची म्हैस सापडली, कुणाचा खटला सुटला, की ही मुकुट घालून उभी. ज्यांनी टाळाटाळ केली त्यांचं काय झालं तेही तिने पाहिलं होतं. फान नावाचा एक मासळीवाला होता. पोरगी तापातून उठली आणि हा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ती पोरगी कालव्यात सापडली. लोक म्हणतात योगायोग. म्हणोत. प्रयोंगने त्या पोरीचं प्रेत पाहिलं होतं.

पौर्णिमा तीन दिवसांवर होती. आणि सरकारने सांगितलं, महिनाभर गाणंबजावणं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुअगुरुजींकडे गेली. तिच्या मंडळीत ते लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवायचे आणि नवसाच्या नाचाला तेच वाजवणार होते. गुरुजींनी वाद्यावर काळं कापड घालून वर फुलं वाहिली होती.

"गुरुजी, हळू वाजवा. अगदी हळू. पट्ट्यांवर फडकं टाकून वाजवा."

"वेडी की काय तू? मला चौकात उभा करून मारतील."

"मग माझा नवस?"

"अगं, देवीला कळत नाही का? तीही दुखवट्यात आहे. जाऊन बघ."

प्रयोंग बघायला गेली. खरंच होतं. झाडाला अडकवलेले देवीचे गुलाबी, पोपटी रेशमी पोशाख कुणीतरी उतरवून ठेवले होते आणि बुंध्याला काळा सदरा घातला होता. बटणंसुद्धा लावली होती. शेजारीच सांगवियन, गल्लीतली इस्त्रीवाली, मोठ्या पातेल्यात काळा रंग उकळत होती. अख्ख्या गल्लीचे कपडे तिच्याकडे आले होते आणि तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"देवीला काळं कुणी घातलं गं?" प्रयोंगने विचारलं.

"मीच. का? शोभत नाही?"

"तिला विचारलंस?"

"राजाला मरताना तुला विचारलं होतं का? काहीतरीच बाई तुझं," असं म्हणून सांगवियनने काठीने एक पँट बुडवली.

प्रयोंगने मात्र देवीला विचारलं. कौल लावायचे दोन लाकडी तुकडे झाडाखालीच असतात. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. तिने ते कपाळाला लावले आणि म्हणाली, "आई, एक महिन्याची मुदत दे." दोन्ही पालथे पडले. तिने पुन्हा टाकले. पुन्हा पालथे. तिसऱ्यांदा टाकायची खरं तर तिला भीती वाटत होती, पण तिने टाकले. एक तुकडा लगेच पालथा पडला, दुसरा थोडा गरगरला आणि तोही पालथाच पडला.

संध्याकाळी थावोन लंगडत घरी आला. कोपर सोललेलं. राजवाड्यासमोरच्या मैदानावर दर्शनाला जाणाऱ्या लोकांना तो कालपासून फुकट नेत होता. नारिंगी जाकिटावर काळी फीत टाचून गल्लीतले सगळे मोटरसायकलवाले तेच करत होते, आणि यात थावोन सगळ्यांच्या पुढे. डोक्यावर शिवणीचा व्रण अजून लाल होता.

"काय झालं रे?" प्रयोंग ओरडलीच.

"काही नाही. पुलावर चाक घसरलं. मागे एक आजी होती, तिला काही झालं नाही."

"तू उद्या जायचं नाहीस."

"आई, लोक रात्रभर तिथे बसतायत, आणि मी घरी बसून तुझे आप्पे खाऊ?"

मग तिने कौलाचं सांगितलं. थावोन आधी हसला. नंतर तिचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं.

"आई, मला डॉक्टरांनी वाचवलं. आणि समजा देवीने वाचवलं, तरी सगळा देश रडत असताना तू नाचणार? माझ्यासाठी? मला या गल्लीत तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नाचू नकोस. झालं?"

इकडे आड, तिकडे विहीर. पोराचा जीव राखावा तर पोराची मान खाली जाणार. प्रयोंगने निर्णय घ्यायला फार वेळ लावला नाही. मान खाली घालून का होईना, माणूस जगतो.

पौर्णिमेच्या पहाटे, भिक्खू भिक्षेला निघायच्या आधी, ती झाडाकडे गेली. जरीची चोळी तिने परत करून टाकली होती. सांगवियनने रंगवलेलं काळं कापड काष्टा मारून नेसली, वर काळं पोलकं. मुकुट नाही, वाद्य नाही. अगरबत्ती लावली, हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात ठेका धरून ती नाचायला लागली. गुडघे करकरत होते. बोटं मात्र अजून मागे वळत होती. पहिल्या नाचात ती दोनदा चुकली, तेव्हा देवीची माफी मागून पहिल्यापासून नाचली. आणि ती हसत होती. देवीपुढच्या नाचात चेहऱ्यावर मंद हसू ठेवायचं असतं. रडवेल्या तोंडाने केलेलं दान देवी घेत नाही, हे तिला लहानपणी छड्या मारून शिकवलं होतं. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ जागेवर होते. तिसरा नाच संपला तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की ती तिथेच बसकण मारून खरोखरच हसली.

कालव्यातून कामाला निघालेल्यांची होडी गेली होती. तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

दुपारपर्यंत होडीतून कुणीतरी घेतलेलं तिच्या नाचाचं चित्रण सगळ्यांच्या फोनवर होतं. प्रयोंगला ते सांगवियनने दाखवलं. प्रयोंग तिच्या हातगाडीवर विकायच्या आप्प्यांच्या साच्यात नारळाचं दूध ओतत होती.

"हे काय करून बसलीस गं? बघ, खाली काय लिहिलंय. 'देश रडतोय, म्हातारी हसत नाचतेय.'"

"ते हसू तसं नाही."

"मला कळतं. यांना कोण सांगणार? गाडी बंद कर आणि घरात जा."

साचा तापलेला होता, पीठ ओतलेलं होतं. भरल्या साच्यावरून उठून जायची तिला सवय नव्हती. तेवढ्यात लोक आले. आधी पाच-सहा, मग गल्ली भरली. सगळे काळ्यात. निम्मे अनोळखी, निम्मी तिची रोजची गिऱ्हाइकं, आणि ही गिऱ्हाइकंच जास्त ओरडत होती. कुणीतरी राजाची तसबीर आणली आणि खुर्चीवर ठेवली. खुर्चीमागे, गल्लीच्या पलीकडे, ताखियनचं झाड होतं.

"गुडघे टेक!"

ती लगेच टेकली. यात तिला कमीपणा काही वाटला नाही. तिने तीनदा जमिनीला कपाळ लावलं आणि ती रडली, अगदी पहिल्या दिवशी रडली तशी. "माझं चुकलं असेल तर माफ करा महाराज," म्हणाली. तिला वाटलं, सुटले. दोघी-तिघी बायकांचे डोळेही ओले झाले.

पण जमावात एक तरी असा असतोच की ज्याचं समाधान होत नाही. हा पांढऱ्या केसांचा, नीटनेटका, हातात फोन धरलेला. "असेल तर म्हणजे काय?" तो म्हणाला. "नाचलीस का, ते सांग."

"देवीचा नवस होता, साहेब. ते दान होतं. मौज नव्हती."

"दुखवट्यात दान नाचून करतात? मग इथे सगळ्यांसमोर म्हण, 'माझा नाच चूक होता, तो मी परत घेते.' म्हण."

खुर्चीवरून तिची नजर मागे झाडाकडे गेली. काळा सदरा घातलेली देवी सगळं ऐकत होती. दिलेलं दान परत घेतलं, असं तिच्या समोर तोंडाने म्हणायचं? मग दानाच्या बदल्यात जे मिळालं तेही परत द्यावं लागतं. व्यवहार आहे हा, यात देवीचाही दोष नाही.

"मी पाया पडते," ती म्हणाली. "हवं तितक्या वेळा पडते. ते बोलायला नका लावू."

"बघा! बघा, पश्चात्ताप आहे का हिला!"

तेवढ्यात थावोन आला. मोटरसायकल तशीच टाकून गर्दीतून वाट काढत आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. आईकडे त्याने एकदाच पाहिलं.

"हा हिचा मुलगा!" कुणीतरी ओरडलं.

"आई, म्हण ना ते," थावोन हलक्या आवाजात म्हणाला. "एवढंच तर आहे."

तिने मान हलवली. नाही.

मग कुणीतरी थावोनची कॉलर धरली. "आईला वळण लावता येत नाही आणि मिरवतोय काळी फीत!" फीत ओढली गेली. एकाने त्याला ढकललं, तो हातगाडीच्या कडेवर आदळला आणि निखाऱ्यांवरचा साचा कलंडला. आणखी एक हात वर गेला. तो हात थावोनच्या डोक्याच्या बाजूला होता, लाल व्रण होता त्याच बाजूला.

"म्हणते!" प्रयोंग किंचाळली. "म्हणते मी! माझा नाच चूक होता. तो मी परत घेते. सोडा त्याला, तो मी परत घेते!"

पांढऱ्या केसांच्या माणसाने तिला ते पुन्हा, नीट फोनकडे बघून म्हणायला लावलं. तिने म्हटलं.

मग सगळे एकदम निवळले. ज्याने ढकललं होतं त्यानेच थावोनला हात देऊन उठवलं आणि सांडलेल्या आप्प्यांबद्दल हळहळला. एका बाईने प्रयोंगला पाणी दिलं. "चूक कबूल करायला मोठं मन लागतं, मावशी," ती म्हणाली. तसबीर उचलली गेली, गल्ली रिकामी झाली. सांगवियन एकटी थांबली होती. ती निखारे गोळा करत होती आणि प्रयोंगच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

थावोनने हेल्मेट उचललं. "झालं ना आई. सुटलो आपण. येतो मी."

"कुठे?"

"मैदानावर. पुलाच्या तोंडाशी लोक ताटकळलेत."

"आज नको जाऊस."

"आजच जायला हवं. आत्ताच सगळ्यांनी पाहिलंय. घरी बसलो तर काय म्हणतील?"

हे त्याचं खरं होतं. तिच्याकडे एकच उत्तर होतं, देवीच्या कौलाचं, आणि त्याला तो आधीच हसून मोकळा झाला होता. तो गाडीवर बसला, किक मारली. प्रयोंग धावली आणि मागच्या सीटवर चढून बसली. आयुष्यात ती त्याच्या गाडीवर कधी बसली नव्हती.

"आई, उतर. ही जागा दर्शनाला जाणाऱ्यांची आहे."

"मग मी कोण आहे? काळं नेसलेय ना? माझाही राजा गेलाय. ने मला."

सांगवियन निखारे सोडून बघत राहिली. प्रयोंगने दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला विळखा घातला, गाल त्याच्या पाठीला लावला आणि झाडाकडे न बघता पुटपुटली, "न्यायचं असेल तर दोघांना ने."

गाडी गल्लीच्या वळणाला लागली.

"आई, इतकं घट्ट नको धरूस," थावोन म्हणाला. "मला वळवता येत नाहीये."

तिने हात सैल केले नाहीत.