गुळाचं पाणी

नागव्वानं दाराकडं एकदा पाहिलं आणि तांब्यातलं गुळाचं पाणी परसातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतून टाकलं. आजचा तिसरा दिवस. रिकामा तांब्या पदराखाली धरून ती आत आली आणि जोंधळ्याच्या पोत्याला टेकून अशी बसली, जणू पाणी पिऊन तिला कितीतरी वेळ झाला होता.

नववा लागल्यापासून पोटातल्यानं तिला सळो की पळो करून सोडलं होतं. उताणं पडलं की जीव गुदमरायचा, बसलं की टाच थेट बरगडीत. ती तळव्यानं टाच खाली दाबायची, कूस बदलायची, पोत्याला रेलायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आणि या धुमाकुळाची वेळही ठरलेली होती. दुपारी थोरली जाऊ अक्कम्मा गुळाचं पाणी घेऊन यायची, प्यायला लावायची, डाव्या कुशीवर निजवायची आणि पोटावर डोळे लावून बसायची. थोड्याच वेळात लाथा सुरू व्हायच्या. मग अक्कम्माच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. आपला जीव कासावीस होतो आणि हिला समाधान वाटतं, हे नागव्वाच्या नजरेतून कसं सुटणार?

तिच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. अक्कम्माला मूलबाळ नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकीचं सासरी, मंठाळच्या विहिरीवरच्या बायकांनी पुरवलं: असल्या बाईच्या हातचं पोटुशीनं काही पिऊ नये. त्यात गेल्या आठवड्यात न्हाऊन आलेल्या अक्कम्माच्या गळ्यात तिला तीन दोरे दिसले. लिंगायताच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं इष्टलिंग एकच असतं. गरोदर बाईची तेवढी दोन; आठव्या महिन्यात स्वामी येऊन पोटातल्या जिवाचंही लिंग तिच्या गळ्यात बांधतात. नागव्वालाही ते बांधलं होतं. पण अक्कम्माला तीन दोरे कशाला हवेत? त्यांत काहीतरी मंतरलेलं असणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं. बाजाराला जाणाऱ्या एकाबरोबर तिनं माहेरी, हुलसूरला थोरल्या भावाला, शरणप्पाला, निरोप धाडला: सोमवारी गाडी घेऊन ये, जाऊ मला काहीतरी पाजायली.

गेले तीन दिवस कामाच्या घाईत अक्कम्मा नुसता तांब्या ठेवून जायची, तेच तिच्या पथ्यावर पडलं. आज सोमवार होता. आणि आज सकाळपासून पोट एकदम शांत होतं. पाणी टाकल्याचाच हा गुण. कितीतरी दिवसांनी ती दोन घास सुखानं जेवली होती.

अक्कम्मा परसातून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"शेवग्याच्या बुडाला मुंग्या लागल्यात, नागव्वा."

नागव्वानं रिकामा तांब्या पदराखाली आणखी दडवला.

"किती दिवस झाले वतायलीस?"

"तीन." मग तिच्यानं राहवेना. "कामून पाजायलीस मला रोज? पेले की कसं उड्या मारतंय, ते बघत बसतीस. आता पेत न्हाई, तर बघ कसं गप हाय."

"गप हाय?"

"सकाळपसून."

अक्कम्मानं पुढचं ऐकलंच नाही. ती तशीच चुलीकडं वळली. गुळाचं पाणी ढवळून ती तांब्या भरून घेऊन आली. निम्मं पाणी ती आधी स्वतः घटाघटा प्याली.

"आता पी. मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे."

नागव्वा प्याली आणि डाव्या कुशीवर पडली. अक्कम्मानं तिच्या पोटावर तळवा टेकला. बराच वेळ गेला. तळव्याखाली काहीच हललं नाही.

"पैल्यांदा पोट गप झालं तवा मलाबी बरंच वाटलं हुतं," अक्कम्मा खाली बघत म्हणाली. "म्हनले, निजलं आसंल. दुसऱ्या डावाला रझाकाराच्या भ्यानं आमी रानात लपून बसलो हुतो. तितंबी आसंच गप झालं. दोगंबी पुऱ्या दिवसाचे, पन रडलेच न्हाईत. लिंग बांधलेले. ते काढ म्हनून कुनी म्हनलं न्हाई, आन् माझ्यानंबी काढवलं न्हाई. म्हनून तुला रोज गुळाचं पानी पाजून, हे हालतंय का ते बघत बसते."

नागव्वानं अक्कम्माच्या तळव्यावर आपला तळवा दाबला. बरगडीत टाच बसावी म्हणून तिनं कधी नवस केला नव्हता, तो आता मनातल्या मनात केला.

"हलंना की गं, अक्का."

"बोलू नगं. गप पड."

आणखी काही वेळ गेला. मग ओटीपोटाशी काहीतरी सरकल्यासारखं झालं, आणि पाठोपाठ अशी सणसणीत लाथ बसली की नागव्वा कळवळून अर्धी उठली. अक्कम्मा हसली नाही. तिनं नागव्वाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडू लागली. स्वतःची लाज वाटून नागव्वानं तिच्या केसांवरून हात फिरवला.

ऊन कलल्यावर शरणप्पाची गाडी दारात आली. अक्कम्मानं पुढं केलेल्या पाण्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"चल," तो बहिणीला म्हणाला. "काय काय पाजलंय हिनं, ते वाटंत सांग."

नागव्वा उंबऱ्यापर्यंत आली आणि दाराला धरून उभी राहिली.

"गाडीत आजून एक गोधडी टाक, अण्णा. अक्का संगं येनार हाय."

शरणप्पा दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिला. अक्कम्मा दोन पावलं मागं सरली.

"येडी का काय तू? बाळंतपनाला मला कोन न्हेतंय? तितल्या बायका काय म्हनतील?"

"म्हनू दे. तुजे दोन झाल्यात. माजं हे पैलंच हाय."

अक्कम्मा डोळे पुसून लुगडी बांधून घ्यायला आत गेली.