दारालगतची खुर्ची

'परीक्षकांनी सर्व चित्रपट शेवटपर्यंत पाहूनच आपली मते नोंदवली आहेत.' आमच्या गावच्या चित्रपट महोत्सवाच्या छापील पुस्तिकेतले हे विधान. विधान सुबक आहे, व्याकरणशुद्ध आहे आणि खोटे आहे. ते खोटे म्हणण्याचा अधिकार मला आहे, कारण त्या परीक्षकांपैकी एक माझ्यावर बसले होते.

बालमित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. न्यूझीलंडच्या उत्तरेला, वायरोआ नदीकाठच्या थिएटरात, शेवटच्या रांगेत बाजूच्या दारालगत माझी जागा. माझे हात कौरीच्या लाकडाचे, पाय ओतीव लोखंडाचे. अंगावर एके काळी लाल मखमल होती. आता ती लाल आहे असे म्हणणे हा लोकांचा सभ्यपणा. तिकिटे आणि आइस्क्रीम विकणारी नोएलीन दर आठवड्याला माझ्या सांध्यांत तेल घालते. माझी रचना साधी आहे. माणूस बसला की बैठक खाली येते, उठला की ती मिटून उभी राहते. तिसरी अवस्था नाही. समीक्षेत ती असते, असे ऐकून आहे.

माणूस तोंडाने मत देण्याआधी पाठीने देतो, त्यामुळे चित्रपटांविषयीची खरी मते माझ्याकडे आधी पोचतात. हल्लीचे बरेच भयपट आवाजावर भागवतात. शांतता, आणखी शांतता, मग कानाशी धाडकन काहीतरी. प्रेक्षक दचकतो, हसतो आणि पुन्हा आइस्क्रीमकडे वळतो. दचकणे म्हणजे भीती नव्हे. कपाटातून भांडे पडले तरी माणूस दचकतो. थरारपटांचे दुखणे वेगळे. तासभर सुरेख गाठी मारायच्या आणि शेवटी एका पात्राला उभे करून सगळा उलगडा तोंडी सांगायला लावायचा, जणू समोर नुसत्या खुर्च्या आहेत. पदरमोड करून काढलेले छोटे, स्वतंत्र चित्रपट खिडकीबाहेर फार वेळ बघत बसतात. पण त्यांतच कधी असा एखादा निघतो, की माझ्यावरचा माणूस माझे हात घट्ट धरतो आणि सोडायला विसरतो.

मिर्याना बाबिचचा चित्रपट तसा होता. मिर्याना म्हणजे रताळी पिकवणाऱ्या स्टिपे बाबिचची मुलगी. चित्रपटासाठी तिच्याकडे उसना कॅमेरा होता, शेजाऱ्याचे घर होते आणि जन्मात कधी अभिनय न केलेला बाप होता. गोष्ट अशी. दलदलीकाठच्या घरात एक म्हातारा आपल्या मुलीला ओळखेनासा झाला आहे. संध्याकाळी दोघे जेवायला बसले की दार वाजते, आणि बाहेरून त्याच म्हाताऱ्याचा आवाज येतो. बाप आत जेवतो आहे. बाप बाहेर उभा आहे. मुलगी दार उघडत नाही. अगदी शेवटच्या प्रसंगात ती उघडते. आतली जागा तेव्हा रिकामी असते. बाहेरचा बाप येऊन तिथे बसतो आणि चित्रपटात प्रथमच मुलीला नावाने हाक मारतो, "आंका, आलीस का गं?" तोवर दगडासारखा राहिलेला स्टिपेचा चेहरा त्या वाक्याला असा उमलतो, की पहिल्या खेळाला पुढच्या रांगांतून नाके ओढल्याचे आवाज आले.

त्या पहिल्या खेळाला परीक्षक म्हणून शहरातल्या वृत्तपत्राचे समीक्षक ह्यू टॅलबॉट आले होते. त्यांनी माझीच जागा मागितली.

"दाराजवळची द्या बाई. मला पाय पसरायला लागतात."

"पसरा की," नोएलीन म्हणाली. "नदीपर्यंत नेऊ नका म्हणजे झालं."

चित्रपटाचा चौथा हिस्साही सरला नव्हता. पडद्यावर पहिल्यांदा दार वाजले. टॅलबॉट उठले, बाजूच्या दाराने बाहेर पडले आणि मी मिटले. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर होत्या. शेवटपर्यंत बसले ते इतर सारे. मी शेवटपर्यंत मिटलेली होते. दिवे लागले तेव्हा हे गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन बाहेरच्या दालनात मिर्यानाला "छान, छान" म्हणत होते.

पुढच्या आठवड्यात त्यांचे मत छापून आले. 'या भयपटाची भीती वाटत नाही. वृद्धाची भूमिका करणाऱ्या गृहस्थांना शेवटपर्यंत चेहऱ्यावर एकही भाव आणता आलेला नाही.' 'शेवटपर्यंत' हा शब्द नसता, तर हे निव्वळ अज्ञान ठरले असते. तो आहे, म्हणून याला दुसरे नाव आहे. विद्वानांच्या सभेत मी ते उच्चारले असते. तुम्ही लहान आहात.

महोत्सवातले निवडक चित्रपट पुढे गावोगाव दाखवले जाणार होते. मिर्यानाचा वगळला गेला. ते तिने सोसले असते. पण रताळ्यांची काढणी उरकल्यावर एका दुपारी स्टिपे रिकाम्या थिएटरात आला आणि नेमका माझ्यावर बसला. पडद्यावर काही नव्हते. तो हळूच म्हणाला, "आंका, आलीस का गं?" मग थोडे वेगळे म्हणाला. मग आणखी वेगळे.

नोएलीन झाडू घेऊन आत आली. "काय चाललंय, स्टिपे?"

"बरोबर कसं म्हणायला हवं होतं, ते शोधतोय."

"अरे, बरोबरच म्हणाला होतास. मी रडले ना!"

"तू तर साबणाच्या जाहिरातीला पण रडतेस."

मिर्याना त्याला न्यायला आली होती. ती खाली, त्याच्या पायाशी बसली. "बाबा, तो माणूस चुकलाय. ऐका ना माझं."

"शिकलेला माणूस आहे तो, पोरी. शेवटपर्यंत बसून पाहिलंय त्यानं. तू माझी मुलगी, तू दुसरं काय सांगणार? माझ्यापायी तुझा सिनेमा बुडाला."

"असं नका ना म्हणू."

"पुढच्या वेळी खरा नट घे. मी चहा करीन सगळ्यांना."

मी त्याच्याखालीच होते. खुर्चीला जीभ नसते. एरवी मला त्याचे काही वाटत नाही.

पुढची वेळ आली नाही. मिर्यानाने कॅमेरा परत देऊन टाकला. नवी रोपे लावण्याआधीच स्टिपे गेला. शेवटच्या आजारात तो तेच वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने म्हणून बघायचा, असे मिर्यानाने नोएलीनला सांगितले. आपल्याला ते अजून जमत नाही, अशा समजुतीत तो गेला.

गावाने त्याच्यासाठी चित्रपट पुन्हा लावला. महोत्सवाच्या समितीने चार शब्द बोलायला कोणाला बोलवावे? टॅलबॉटना. समित्यांना विनोदबुद्धी नसते, तरी त्या असे विनोद करतात. ते मधल्या रांगेकडे निघाले, तेव्हा नोएलीन म्हणाली, "तुमची जागा राखलीय, साहेब. दाराजवळची."

पहिल्यांदा दार वाजले. ते अर्धे उठले; माझी बैठक त्यांच्यासोबत वर आली. मग ते पुन्हा बसले. माझ्या हातांवर त्यांची बोटे शेवटपर्यंत रुतलेली होती. या वेळी हा शब्द मी जबाबदारीने वापरते. स्टिपेने हाक मारली. कोणी नाक ओढले नाही. सगळे उघडच रडत होते.

दिवे लागले. पुढच्या रांगेतून मिर्याना उठली आणि मागे वळली.

"एकही भाव नाही, असं लिहिलं होतंत तुम्ही. आज काय दिसलं?"

मित्रांनो, माझी मखमल फाटली तर नोएलीन शिवते. माणसाच्या मनाला असे ठिगळ लागत नाही. एखादी कलाकृती तुम्हाला आवडली नाही, तर तसे खुशाल सांगा, कठोरपणे सांगा. पण आधी शेवटपर्यंत बसा. आणि बसवत नसेल, तर का बसवत नाही तेच लिहा. कदाचित तेच तुमचे एकमेव खरे मत असेल, आणि ते ऐकण्यासाठी कोणी म्हातारा थांबलेला असेल.

टॅलबॉट व्यासपीठावर गेले नाहीत. ते जागीच उभे राहिले. त्यांच्यामागे मी मिटले. ते जे बोलले, ते शब्दशः असे:

"हा शेवट मी आज पहिल्यांदा पाहिला. त्या दिवशी दार वाजलं आणि मी निघून गेलो. माझे वडील शेवटी शेवटी असेच माझ्या दाराशी यायचे, माझं नाव विसरून उभे राहायचे, आणि मी आत दिवा मालवून गप्प बसायचो. तुमच्या सिनेमाची मला इतकी भीती वाटली, की खुर्चीत बसवेना. म्हणून मी लिहिलं, भीती वाटत नाही."