झुंबरबाईचा नवरा, वच्छलाबाईचा सासरा

अमडापूरच्या पंचायतीसमोर दिवेलागणीला एवढी गर्दी जमायची, की उशिरा येणाऱ्याला मेलेल्या माणसाचा आवाज ऐकायला बाभळीवर चढावं लागे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि पंचायतीला बॅटरीवरचा रेडिओ मिळाला होता. दिवसा तो कपाशीवरच्या अळीबद्दल बोले. सूर्य बुडाला की सारंगीसारखं काहीतरी कुरकुरे आणि एक जड पुरुषी आवाज अगम्य भाषेत सुरू होई. मध्येच वाढे, मध्येच बुडे.

"आत्म्याले दम लागते," मठाचे निरंजनबाबा समजावत. "वरून बोलनं सोपं हाये का?"

त्या भाषेचा अर्थ एकट्या बाबांनाच कळे. दर सोमवारी ते उदबत्ती लावत, रेडिओची कळ हलक्या हातानं फिरवत आणि सांगत, हे गावातल्या झुंबरबाईचे वारलेले मालक शेषराव. शेषरावांना विहिरीलगतची तीन एकर मठाच्या नावे करून हवी होती.

झुंबरबाईला एकच शंका होती. शेषराव हयातीत दिवसाला चार शब्द बोलत, त्यातले दोन बैलाशी. आता अर्धा अर्धा तास थांबत नव्हते. मेल्यावर माणूस मोकळा होतो, असं बाबा म्हणाले. ते तिला पटलं. तिच्यासमोर कोण मोकळं बोलणार होतं?

पण त्याच तीन एकरांवर तिची वर्षाची भाकर पिकत होती. ती शालिग्राम गुरुजींकडे गेली. गुरुजींनी गावाला तीनदा विज्ञान सांगून पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा गावानं त्यांना चहा पाजून घरी पोचवलं होतं. या खेपेला ते एवढंच म्हणाले, की कागदावर अंगठा देण्याआधी मोताळ्याला तुझ्या बहिणीकडे चल, मीही येतो. गुरुवारी तिथला रेडिओ ऐकू.

मोताळ्यात तीच गर्दी, तीच सारंगी, तोच आवाज. नवऱ्याला ओळखून झुंबरबाईनं डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात तिथल्या उदबत्तीमागून निरंजनबाबाच म्हणाले, "हे वच्छलाबाईचे सासरे रामराव. त्याहिले बैलजोडी पायजे मठात."

झुंबरबाई उभी राहिली. "बाबाजी, हा तं माहा नवरा हाये. सोमवारी तुमीच सांगतलं."

बाबांनी उदबत्ती सरळ केली. "माय, आत्मा सगळीकडं एकच असते."

"म्हंजे माहा नवरा हिचा सासरा," ती बोटांवर नातं मोजत म्हणाली, "आन् मी हिची सासू. काऊन वं वच्छले, आज पाया पडली का तू माह्या?"

"पडतो ना," समोर बसलेली वच्छलाबाई म्हणाली. "पन बैल नाही देत."

हसण्यात रेडिओ ऐकू येईना. बाबा उठले, पण शेवटची एसटी गेलेली असल्यामुळे त्यांनाही गुरुजींचं विज्ञान पूर्ण ऐकावं लागलं.

गुरुजींनी कळ केसभर फिरवली. आत्मा गेला आणि आकाशवाणीच्या बाई हरभऱ्याचं बियाणं सांगू लागल्या. कळ उलटी फिरवली, आत्मा परत आला. हे परमुलखातलं रेडिओ केंद्र, गुरुजी म्हणाले. दिवसा उन्हामुळे हवेत खूप उंचावर एक थर तयार होतो, तो लांबून येणाऱ्या रेडिओच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि त्याच्याही वरचा थर त्या लहरी जमिनीकडे परत फेकतो. म्हणून रात्री हजार कोसांवरचं ऐकू येतं, कधी मोठं, कधी बारीक, कधी दोन केंद्रं एकमेकांत मिसळून.

"मंग तो मानूस बोलते काय?" झुंबरबाईनं विचारलं.

"मले नाही समजत ते," गुरुजी बाबांकडे बोट दाखवत म्हणाले. "यायलेही नाही समजत."

तीन एकर झुंबरबाईकडेच राहिली. तिच्या आठवणीतले शेषराव पुन्हा चार शब्दांचे झाले, याचं तिला बरंच वाटलं.

तेव्हा मंडळी, न कळणाऱ्या भाषेचा अर्थ सांगून कुणी तुमचं वावर मागितलं, तर हात जोडण्याआधी शेजारच्या गावी जाऊन या. तिथं त्याच आवाजाचा कोणता अर्थ सांगतात, ते ऐका. एसटीचं तिकीट तीन एकरांपेक्षा स्वस्त पडतं.